पाठातली आई

१२ जून

ताई,

आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच. काल तुमच्या पाठ्यपुस्तक मंडळाचं पत्र आलं. माझ्या कादंबरीतला एक उतारा पाचवीच्या भाषेच्या पुस्तकात घेणार आहेत. पाठ अकरावा! सोबत परवानगीचा कागद होता, त्यावर मी दारात उभ्या उभ्याच सही ठोकली. पोस्टमन बिचारा बघतच राहिला. मग आत येऊन पाणी प्यायले आणि डोक्यात प्रकाश पडला, की पाचवीच्या त्या पुस्तकाची संपादक म्हणजे आमच्या ताईसाहेबच की! म्हणजे तुला हे माझ्या आधी ठाऊक होतं आणि तू चकार शब्द काढला नाहीस. लबाड कुठली.

उतारा पत्र्याचा आहे. छोटी शेजारच्यांच्या पत्र्यावर चढून गुडघा फोडून घेते आणि आई तो धुता धुता तिची खरडपट्टी काढते, तो. सगळ्यांना तोच आवडतो. मला वाचक भेटतात ना, ते कादंबरीबद्दल काही विचारत नाहीत, थेट विचारतात, "तुमची आई खरंच अशी बोलते?" मी म्हणते, याच्यापेक्षा वाईट बोलते.

पण तू अजून एका ओळीनंही कळवलं नाहीस, पुस्तक कसं वाटलं ते. थंडीत पाठवलं होतं, आता पावसाळा लागला. वाचलंस तरी का? आणि आईला वाचून दाखवलंस का? तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत तिला दिसणार नाही, म्हणून तर तुझ्या गळ्यात घातलं होतं. फोनवर विचारलं असतं, पण तुमचा फोन पडला आईच्या पलंगाशेजारी, आणि तिच्या डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो, कान अजून शाबूत आहेत.

तुझी,
धाकटी

२० जून

प्रिय लेखिकाबाई,

अभिनंदन. पत्र मिळालं.

मी आधी कळवलं नाही कारण कळवायचं नसतं. नातेवाइकाचं लिखाण निवडीला आलं की संपादकानं खोलीबाहेर बसायचं, असा मंडळाचा नियम आहे. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत तुझा उतारा मोठ्यानं वाचत होते आणि हसण्याचे आवाज येत होते. नंतर शिपायानं मला आत बोलावलं. निवृत्त मुख्याध्यापक डोळे पुसत म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीनं काय आई रंगवली आहे हो!" मी म्हटलं, "हो का?"

तुझा फोटो पेपरात आला तो मला दूधवाल्यानं दाखवला. तेव्हापासून गल्लीत मी 'लेखिकेची बहीण' झाले आहे. वीस वर्षं मी पुस्तकं करते, घरोघरची पोरं ती दप्तरात घालून नेतात, आणि माझं नाव असतं शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात. असो. तक्रार नाही.

कादंबरी वाचली. तू विचारलंस म्हणून सांगते. भाषा चटकदार आहे. पण आई अशी बोलते हे कुठून काढलंस? मी तिच्याबरोबर राहते. सकाळचा चहा, औषधं, आंघोळीचं पाणी, सगळं माझ्या हातानं होतं. मला ती आजवर एकदाही असं बोललेली नाही. 'भवाने' म्हणे! 'तंगडं मोडीन' म्हणे! वाचकांना हसवायला तू हे रचलं आहेस, असं माझं स्पष्ट मत आहे.

आईला वाचून दाखवलेलं नाही. वेळ मिळालेला नाही.

उताऱ्यात समितीनं काही बदल सुचवले आहेत. कच्ची प्रत निघाली की पाठवते.

तुझी,
ताई

१ जुलै

ताई,

रचलं? मी? आगं, माझ्यात एवढी अक्कल असती तर मी आणखी चार कादंबऱ्या नसत्या का लिहिल्या!

तुला खरंच आठवत नाही? मी शाईची दौत सांडली तेव्हा "सांड, सांड, अंगावरही ओतून घे, म्हणजे रंगपंचमीला वाण्याकडून उधारीवर रंग आणायला नको." मी भांडून घरातून निघून जायला निघाले तेव्हा "जा की, पण जाताना कान धुऊन जा, लोक मला नावं ठेवतील." आणि ताप आला की "आता का गप्प? बोल ना चुरूचुरू, अवदसे," असं म्हणत रात्रभर कपाळावर ओला हात. मला तर 'बाळ' म्हटलं की भीती वाटायची. एकदाच म्हणाली होती, बाबा गेले त्या दिवशी.

तेच सांगायचंय. हल्ली फोनवर आईचं काहीतरी बिनसलंय. परवा मी विचारलं, "काय म्हणतेस म्हातारे?" एरवी म्हणाली असती, "म्हातारी तुझी सासू." तर म्हणते कशी, "मी ठीक आहे. तू कशी आहेस, बाळ? प्रकृतीला जप हो." प्रकृतीला जप! मी रिसीव्हर कानापासून लांब धरून बघितला, भलतीकडे तर लागला नाही ना. तू तिला तुझी पाठ्यपुस्तकं वाचून दाखवतेस का गं? तसं असेल तर बंद कर.

समितीचे बदल लवकर पाठव. एकदोन शब्द कापतील हे मी धरूनच चालले आहे. 'भवाने' जाईल बहुतेक. जाऊ दे बिचारी.

तुझी,
धाकटी

१५ जुलै

धाकटे,

कच्ची प्रत सोबत पाठवते आहे. चित्रही बसवलं आहे. वाचून सही करून परत पाठव. दहा ऑगस्टला पुस्तक छापखान्यात जाईल, त्यानंतर काना-मात्राही हलणार नाही.

बदल बघून तू थयथयाट करशील हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. कादंबरी वाचणारा माणूस ती विकत घेतो, आवडली नाही तर उशाखाली टाकतो. पाठ्यपुस्तक कुणी निवडत नाही. ते सगळ्या घरांत जातं. ज्या घरात आई मारते त्या घरातही जातं, ज्या घरात आईच नाही तिथेही जातं. म्हणून पाठातल्या आईला कुठल्याच एका घरातल्यासारखं बोलता येत नाही. कादंबरीतली आई एकटीची असते, पाठातली आई सगळ्यांची. त्यासाठी तिला थोडं नीट बोलावं लागतं, इतकंच. समितीचंही हेच म्हणणं पडलं.

आईच्या फोनबद्दल: ती तुझ्याशी प्रेमानं बोलली तर तुला त्यात बिघाड दिसतो. माझ्याशी ती रोज तशीच बोलते. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

तुझी,
ताई

२२ जुलै

ताई,

तुझी कच्ची प्रत आली. मी ती टेबलावर ठेवली, घरभर दोन फेऱ्या मारल्या आणि परत वाचली. तरी तीच.

माझं काय होतं ते पुन्हा लिहून काढते, तुझ्या डोळ्यांसमोर असावं म्हणून:

"चढ, अजून चढ! पत्रा काय, चंद्रावर चढ! आणि पडलीस की ये भोकाड पसरून माझ्याकडे. तंगडंच मोडून हातात देते, म्हणजे चढायला नको नि पडायला नको. हलू नकोस, भवाने! झोंबतंय? झोंबू दे." आई फुंकर घालत होती. "झोंबू दे म्हटलं ना." आणि पुन्हा फुंकर घातली.

आणि तुमचा पाठ अकरावा:

"आई म्हणाली, 'बाळ, पत्र्यावर चढणे धोक्याचे असते. चल, आपण जखम स्वच्छ करू या.' छोटी म्हणाली, 'आई, मी पुन्हा असे करणार नाही.' आईने तिला जवळ घेतले."

ही आई आहे की विजेच्या खांबावरची पाटी? आणि खाली स्वाध्याय काय, तर 'आईच्या स्वभावाचे वर्णन पाच ओळींत करा.' पोरांनी काय लिहायचं? 'आई सूचना देते. आई स्वच्छता पाळते.' संपलं! ज्या बाईचं बोलणंच काढून घेतलं तिचा स्वभाव शोधायचा कुठे, पदराच्या गाठीत? ती 'झोंबू दे' म्हणते आणि फुंकर घालते, त्यातच ती सगळी आहे. ते तुला कळत नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. तू माझ्यापेक्षा चांगली वाचक आहेस, नेहमीच होतीस.

रागाच्या भरात प्रत फेकणार होते, तेवढ्यात चित्र दिसलं.

ताई, चित्रातली आई ओरडते आहे. तोंड उघडं, भुवया वर, एका हातानं छोटीचा कान धरलाय आणि दुसऱ्या हातानं गुडघ्यावर पाणी ओततेय. आणि ते तोंड फुंकर घालायला उघडलंय की शिवी द्यायला, काही कळत नाही. काय काढलीय! तुमच्या पाठातल्या त्या गुळगुळीत बाईचं हे चित्र असूच शकत नाही. चित्रकारानं माझा उतारा वाचूनच काढलंय.

आणि तूच मला सांगितलं होतंस, तुमच्याकडे समितीनं पास केलेला मजकूरच चित्रकाराकडे जातो, आधी नाही. एकदा पाठ बदलला आणि चित्रात बैलाऐवजी बकरी राहून गेली, तेव्हापासून हा नियम झाला, असं सांगून तू पोट धरून हसली होतीस. म्हणजे समितीनं माझा उतारा होता तसाच पास केला. हसत होते आत, हे तूच लिहिलंस. मग नंतर तो कुणी बदलला? सगळ्या फाईली कुणाच्या कपाटात असतात?

समितीचं नाव पुढे करू नकोस. मला सरळ सांग, तू केलंस का? पत्र आलं नाही तर मी मंडळाला लिहून परवानगी काढून घेते. आणि चित्राचंही लिहीन.

धाकटी

२८ जुलै

धाकटे,

हो. मी केलं.

समितीनं एक शब्दही बदलला नव्हता. मी फाईल घरी आणली, आई झोपल्यावर स्वयंपाकघरात बसले आणि ओळ न् ओळ खोडली. चित्र बदलायचं सुचलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या बकऱ्या पकडल्या आणि स्वतःची सुटली. आता तू लिही मंडळाला. पास झालेल्या मजकुराला संपादकानं परस्पर हात लावला तर काय होतं ते मला माहीत आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. लिही, मी अडवत नाही.

पण का केलं ते ऐकून घे, मग लिही.

मी जळते तुझ्यावर. फोटोवर नाही गं, फोटो चुलीत घाल. नावावरही नाही. मी जळते त्या 'भवाने'वर. तुझं पुस्तक मी तीनदा वाचलं, आणि प्रत्येक पानावर आई तुला बोलते आहे, टाकून बोलते आहे, तोंडाला फेस येईस्तोवर बोलते आहे, आणि मी वाचते आहे आणि मला त्यातला एकही शब्द कधी मिळालेला नाही. एकही नाही!

तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. आई आजारी पडली तेव्हा मला आत्याकडे ठेवलं, आणि नऊ वर्षांची झाल्यावर परत आणलं. आले तेव्हापासून माझ्याशी आई कशी बोलते? "तुला दूध हवं आहे का?" "अभ्यास झाला असेल तर झोपतेस का?" तुला मात्र "गिळ ते दूध, का नाक दाबू?" मी दारात उभी राहून ऐकायची. माझे गुडघे स्वच्छ होते, कपडे स्वच्छ होते, मला काही बोलायला जागाच नव्हती. मला वाटायचं, पाहुण्यांशी बोलतात तसं ती माझ्याशी बोलते, आणि पाहुणे कधीतरी जायचे असतात.

एकदा मी मुद्दाम निळा काचेचा जग फोडला. तिच्या माहेरचा होता, ती कुणाला हात लावू देत नसे. दोन्ही हातांनी उचलला आणि सोडला. म्हटलं, आता तरी. ती धावत आली. काचांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "असू दे. तुला लागलं नाही ना?" आणि झाडू घेऊन काचा भरायला लागली. तेवढ्यात तू आतून आलीस, काही केलं नव्हतंस, नुसती आलीस. तर तुझ्यावर केवढ्यांदा ओरडली! "चपला घाल, घुबडे, काचा आहेत, डोळे काय गहाण टाकलेस?" मी भिंतीला टेकून उभी होते. तुझा इतका राग आला मला, की त्या काचांवर तुला ढकलावं असं वाटलं.

आणि तुझ्या कादंबरीत छोटी एकुलती एक आहे. आई आहे, बाबा आहेत, शेजारीण आहे, मांजरसुद्धा आहे. मी नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं पुढे येईन. शेवटच्या पानापर्यंत वाट बघितली.

मग ती आई पाचवीच्या पुस्तकात येणार, लाखो पोरं वाचणार आणि म्हणणार, आई असावी तर अशी. मला नाही सोसलं. मी तिला माझी आई करून टाकलं. पाठ अकरावा वाचलास ना? मला मिळालेली आई तशीच बोलते. ती रचलेली नाही.

आता लिही मंडळाला.

ताई

४ ऑगस्ट

ताई,

मंडळाला काही लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही. पण तू दोन्ही पाय वर घेऊन बस आणि हे नीट वाच, कारण हे तुला कुणीच सांगितलेलं नाही, आणि मला वाटायचं की तुला माहीत असेल.

तू यायच्या आधी घरात काय चाललं होतं ते मला आठवतं. पाच वर्षांची होते, टेबलाखाली बसलेली असायचे, तिथूनच सगळं कळायचं. आत्यानं निरोप पाठवला होता, "वहिनी, पोर आमच्याकडे मऊ बोलण्यात वाढली आहे. तुमच्याकडचा आरडाओरडा तिला सोसला नाही तर कळवा, मी परत घेऊन जाईन." आत्याच्या घरी कुणी आवाज चढवायचं नाही, तुला माहीतच आहे. आईनं धसकाच घेतला. भांडी घासता घासता सराव करायची गं! "बाळ, तुला दूध हवं आहे का?" मग बाबांना विचारायची, "अहो, 'हवं आहे का' म्हणू, की 'देऊ का' म्हणू? वन्सं काय म्हणतात?" बाबा हसायचे तर त्यांच्यावर खेकसायची, आणि खेकसली की जीभ चावायची. मला कोपऱ्यात घेऊन दम भरला होता, "तिच्यासमोर किंचाळलीस तर बघ. ती परत गेली तर तुलाही पाठवीन."

निळ्या जगाच्या दिवशी ती माझ्यावर का ओरडली ते आता मला कळतंय. कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं तिला. तुझ्या वाटणीचं मी खाल्लं.

आणि तू काय जळतेस? जळत तर मी होते! चांगले कप फडताळात ठेवतात ना, तशी चांगली भाषा तिनं तुझ्यासाठी ठेवली होती. तुला 'हवं आहे का' आणि मला 'गिळ'. शाळेचं काही असलं की "ताईला विचारा," घरात काही ठरवायचं असलं की "ताईला काय वाटतं बघू." मला कुणी कधी काही विचारलं का? मला वाटायचं, ती जपून ठेवायची पोर आणि मी रोजच्या वापरातली.

तुला कादंबरीत का घेतलं नाही ते सांगते. घेतलं होतं. पहिल्या खर्ड्यात होतीस. पण आई तुझ्याशी बोलायला लागली की पान मरायचं. तिच्या तोंडून येणारं प्रत्येक वाक्य खोटं वाटायचं, कारण ती तुझ्याशी बोलताना मनात काय दाबते आहे ते मला माहीत होतं, पण लिहिता येत नव्हतं. हे एक कारण. दुसरं कारण वाईट आहे. एकदा तरी, निदान पुस्तकात, ती माझ्या एकटीची असावी असं वाटलं. म्हणून तुला काढलं. मी पण काही कमी नाही, बघ.

आता असं कर. तुझा पाठ आणि माझा उतारा, दोन्ही आईला वाचून दाखव. तिचं बोलणं आहे, तिला ठरवू दे. ती म्हणेल तो पाठ जाऊ दे पुस्तकात, मी डोळे मिटून सही करते. दहा तारखेच्या आत वाच मात्र.

आणि तिला विचार, माझ्याशी एवढी गोड का बोलते हल्ली. परवा तर मला 'आयुष्मती भव' म्हणाली. मला रडूच आलं.

तुझी,
धाकटी

११ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र सातला मिळालं. त्या संध्याकाळी आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "धाकटीच्या पुस्तकातलं थोडं वाचते. शाळेच्या पुस्तकात येणार आहे."

आधी माझा पाठ वाचला. तिनं डोळे मिटून ऐकला. संपल्यावर म्हणाली, "ही बाई कोण?"

"आई आहे छोटीची."

"सख्खी?"

मी म्हटलं, "हो." मग तुझा उतारा वाचायला घेतला. 'चढ, अजून चढ' पर्यंत आले नि तिचे खांदे हलायला लागले. 'तंगडं' आलं तशी ती उठून बसली. हसता हसता इतका ठसका लागला की मला पाणी द्यावं लागलं. पाणी प्यायली आणि म्हणाली, "चंद्रावर मी कधी म्हटलं? शाळेच्या घंटेवर चढ, म्हटलं होतं. ही कार्टी पदरचं घालते." तेव्हा थोडं रचलेलं आहेच, हे लक्षात ठेव.

मग विचारलं, "आणि ते पहिलं कुणी लिहिलं?"

मी म्हटलं, "मी."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला आता नीट दिसत नाही, तरी बघितलं. "तू? माझं बोलणं बदललंस?" आणि धाकटे, मग ती सुटली. आधी एक शब्द, एकच, आणि त्यानंतर ओळीनं. "माझ्या तोंडात साखर कोंबायला तुला कुणी सांगितलं? एवढी शिकलीस, पोरांची पुस्तकं करतेस आणि आई कशी बोलते ते ठाऊक नाही? सख्ख्या पोरीशी कुणी असं बोलतं का? पाटी वाचल्यासारखं?" मी म्हटलं, "तू माझ्याशी बोलतेस तसं." ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "तू परत जाशील म्हणून बोलले नाही गं. आणि मग सवयच झाली." आणि लगेच पुन्हा आवाज चढवून, "रडतेस काय? पंचावन्न वर्षांची घोडी झालीस! नाक पूस!" शेजारीण दारात येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, अगदी ठीक आहे. माझं नाक गळत होतं आणि मी हसत होते, तिला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. तुझा पास झालेला उतारा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि काय केलं होतं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला लेखी समज मिळाली आहे. एवढ्या वर्षांतली पहिली. दोन दिवसांत दोनदा बोलणी खाल्ली, आणि मी बसमध्ये गुणगुणत घरी आले. पुस्तक काल छापखान्यात गेलं. तुझा पाठ आहे तसा आहे, चंद्रासकट. स्वाध्यायही तोच ठेवलाय, आता पोरांना पाच ओळी पुरायच्या नाहीत.

तुझ्या फोनचं: शेजारणीनं आईला सांगितलं होतं की तुमचं सगळं बोलणं पुस्तकात छापून आलंय. आई म्हणते, "ती लिहून घेते ना सगळं. चार लोकांत जातं. जरा नीट बोललेलं बरं." माझ्या वेळी तिला आत्याचा धाक होता, आता तुझ्या वाचकांचा आहे, धाकटे. आता तुला गोड बोलण्याची चव कळेल. उपाय सांगते, फुकट. दर रविवारी न चुकता फोन करतेस ना, तो या रविवारी करू नकोस. सोमवारी कर, तोही संध्याकाळी. मग बघ.

आणि हो. मला तिनं जो पहिला शब्द हाणला, तो तुझ्या कादंबरीत नाही. मी सगळं पुस्तक पुन्हा चाळलं. कुठेच नाही. तुला तिनं तो कधी म्हटलेला नाही. कोणता ते मी सांगणार नाही, आणि आईलाही सांगून ठेवलंय.

तुझी,
ताई

१९ ऑगस्ट

ताई,

सोमवारी संध्याकाळी केला. पहिल्या घंटेलाच उचलला आणि जी सुरू झाली! "मेलीस का कुठे? काल दिवसभर फोनशी बसले, लेखिका झालीस म्हणून आई तुला जड झाली का, घुबडे? अवदसे, निदान मेल्याचं तरी कळवायचं!" मी फरशीवरच बसले. एकदाही 'प्रकृतीला जप' म्हणाली नाही. पेन समोर होतं, पण हात लावला नाही, शपथ.

पण ताई, सगळे शब्द माझेच होते, जुनेच. मी कान टवकारून बसले होते. शेवटी न राहवून विचारलंच, "आई, ताईला काय म्हणालीस गं त्या दिवशी?" तर म्हणते, "ते तिचं आहे. तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा?" आणि फोन ठेवला.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझ्या माहितीतले सगळे शब्द आठवून झाले. त्यातला नाही ना? 'सटवे' आहे का? 'टवळे'? नुसतं हो किंवा नाही म्हण. मी लिहिणार नाही, कुणाला सांगणार नाही, छापणार तर नाहीच नाही.

ताई, सांग ना.

धाकटी